सूर्य, घड्याळ आणि रातपाळी : महाराष्ट्रातील श्रमिकांच्या झोपेचा इतिहास (इ. स. १८८४ ते २०२४)

प्रस्तावना

कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात वर्षातून दोन वेळा किरणोत्सव होतो. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. किरणांच्या वाटेतील अडथळ्यांची शहरात चर्चा होते. प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये मोजली जाते आणि ते आकडे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचावयास मिळतात. प्रकाशाविषयी इतकी जागरूक असलेली गावे फार नसावीत. याच जिल्ह्यात इचलकरंजी आहे. तेथील यंत्रमागावर रात्रभर दिव्याखाली उभ्या असणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांवर किती प्रकाश पडतो, दिवसाचा किती प्रकाश त्याच्या वाट्याला येतो आणि त्याचा त्याच्या मनाशी काय संबंध असतो, याची चर्चा मात्र आपण करीत नाही.

झोप व प्रकाश यांचा मनःस्वास्थ्याशी असलेला संबंध हा सामान्यतः वैद्यकशास्त्राचा व मानसशास्त्राचा विषय मानला जातो. त्यावरील लेखन बहुधा उपदेशाच्या स्वरूपाचे असते : लवकर निजावे, लवकर उठावे, रात्री पडद्याकडे पाहू नये. या उपदेशात एक गृहीत दडलेले आहे. निजण्याची व उठण्याची वेळ माणूस स्वतः ठरवितो, हे ते गृहीत होय. महाराष्ट्राच्या श्रमिक इतिहासाकडे पाहिल्यास ते टिकत नाही. गेल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांत येथील फार मोठ्या वर्गाची झोप गिरणीच्या भोंग्याने, घड्याळाच्या सरकारी वेळेने आणि विजेच्या वेळापत्रकाने ठरविली आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

जुनी जाणीव

झोपेचे महत्त्व आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते. चरकसंहितेने आहार व ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेची गणना शरीराच्या तीन उपस्तंभांत केली आहे आणि सुख-दुःख, बल-दुर्बलता ही निद्रेवर अवलंबून असतात असे मानले आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा स्वतंत्र समास लिहिला. झोपलेल्यांच्या नाना तऱ्हांचे त्यातील वर्णन वाचताना आजही सकाळच्या पहिल्या तासाचा वर्ग डोळ्यांसमोर उभा राहतो.

तथापि वीज येण्यापूर्वीची रात्र सर्वांनाच विश्रांती देत होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जात्यावरच्या ओव्या हे त्याचे सर्वांत मोठे साक्षीपत्र आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या म्हणणारी स्त्री उजाडण्यापूर्वी उठत होती, कारण दिवस सुरू होण्याआधी घराचे पीठ तयार असणे आवश्यक होते. ओव्यांच्या गोडव्याविषयी आपण पुष्कळ लिहिले. ती पहाट कोणाच्या झोपेतून कापून घेतली होती, हे विचारण्याचे राहून गेले. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ओवी मागे पडली, ही सांस्कृतिक हानी खरीच. परंतु एखाद्या सासुरवाशिणीला त्यामुळे तासभर अधिक झोप मिळाली असेल, तर इतिहासकाराने तीही नोंद करावयास हवी.

लोखंडे यांची मागणी

मुंबईच्या कापड गिरण्यांत प्रारंभीच्या काळात कामाचा दिवस मुख्यतः सूर्यावर चालत असे. उजाडल्यावर यंत्रे सुरू होत आणि अंधार पडल्यावर थांबत. हे वरकरणी निसर्गाला धरून वाटते. परंतु शेतकरी उन्हाच्या तिरपेला झाडाखाली बसू शकतो, गिरणीतल्या यंत्राला सावली नसते. उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की तेवढाच श्रमही लांबत असे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने केवळ मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले. प्रौढांच्या तासांबाबत तो मौन बाळगून होता.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य पाहिले पाहिजे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तेथे सिद्ध झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा आणि कामावर दुखापत झाल्यास त्या काळाचे वेतन मिळावे.

यांपैकी पहिल्या तीन मागण्या विश्रांतीच्या व वेळेच्या आहेत, पैशाच्या नव्हेत. त्यातही तिसरी मागणी विशेष विचार करण्याजोगी आहे. कामाचा आरंभ घड्याळाने व्हावा आणि शेवट सूर्याने, अशी ही रचना आहे. पहाट घड्याळाच्या कुंपणाने राखून ठेवावयाची आणि रात्रीचे रक्षण सूर्यास्ताकडे सोपवावयाचे. मनःस्वास्थ्य हा शब्द या निवेदनात नाही. असण्याचे कारणही नव्हते. परंतु विश्रांती नसलेला माणूस माणूस म्हणून शिल्लक राहत नाही, ही जाणीव त्यामागे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सर्वजण उपभोगतो त्या रविवारच्या दुपारच्या झोपेची ही पूर्वपीठिका आहे.

दिवा आला आणि सूर्यास्त गेला

लोखंडे १८९७ मध्ये निवर्तले. रात्रीचे रक्षण सूर्यास्ताकडे सोपविण्याची त्यांची कल्पना त्यानंतर दशकभरही टिकली नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईतील गिरण्यांत विजेचे दिवे लागू लागले. कापडाला मागणी वाढलेली होती. परिणामी अनेक गिरण्यांतील कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत गेला. कामगारांत तीव्र असंतोष पसरला आणि गिरण्यांवर दगडफेकीचे प्रकारही घडले. आपल्या पाठ्यपुस्तकांत विजेचे आगमन हा प्रगतीचा टप्पा म्हणून येतो. गिरणगावातल्या माणसाच्या दृष्टीने त्याचा पहिला अर्थ असा होता की आता अंधार पडल्यावरही सुटका नाही.

याच सुमारास दुसरा आघात घड्याळाकडून झाला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटांनी पुढे होती. याचा प्रत्यक्ष अर्थ कामगाराने तत्काळ ओळखला. गिरणीचा भोंगा नव्या वेळेनुसार त्याच आकड्यावर वाजला, तर सूर्याच्या हिशेबाने पाऊण तासाच्या आसपास आधी उठावे लागणार. जानेवारी १९०६ मध्ये हजारो गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध काम नाकारले. शहरातही मोठा विरोध झाला आणि मुंबई महापालिकेने स्थानिक वेळच पाळण्याचे ठरविले. ‘मुंबई वेळ’ त्यानंतर जवळजवळ अर्धशतक, म्हणजे १९५५ पर्यंत, चालू राहिली. या प्रकरणाचा अर्थ सामान्यतः वसाहतवादविरोधी अस्मितेच्या अंगाने लावला जातो. तो चुकीचा नाही. परंतु सुशिक्षितांच्या दृष्टीने जो अस्मितेचा प्रश्न होता, तो कामगारांच्या दृष्टीने झोपेचा होता, हा भेद नजरेआड होऊ नये.

१९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनमध्ये या प्रश्नाची चर्चा झाली. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर कायद्याने थेट बंधन घालू नये, असे बहुमत होते. डॉ. टी. एम. नायर या एकाच सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडली आणि अशा बंधनाचा आग्रह धरला. ते व्यवसायाने वैद्य होते, ही गोष्ट येथे योगायोगाची वाटत नाही. पुढे हेच डॉ. नायर मद्रासमधील ब्राह्मणेतर चळवळीचे एक प्रमुख नेते झाले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. १९२२ मध्ये ती अकरा, १९३४ मध्ये दहा तासांवर आली आणि १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तास निश्चित केले. तास कमी होत गेले. ते तास दिवसाचे असावेत की रात्रीचे, हा प्रश्न पुरुषांच्या बाबतीत मात्र बाजूलाच राहिला.

शरीराचे घड्याळ

येथे आधुनिक विज्ञानाची थोडी मदत घेणे आवश्यक आहे. मानवी मेंदूत हायपोथॅलॅमस या भागात जैविक घड्याळाचे केंद्र आहे. त्याचे चक्र चोवीस तासांपेक्षा किंचित मोठे असते आणि सकाळच्या प्रकाशाने ते रोज जुळविले जाते. डोळ्यांच्या नेत्रपटलात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज केवळ प्रकाशाची वर्दी या केंद्राला देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. तीव्र प्रकाशामुळे मेलॅटोनिन या संप्रेरकाची निर्मिती दबते, हे १९८० मध्येच दिसले होते. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हॉल, रोसबॅश व यंग यांना देण्यात आले. भारतातही मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी या शास्त्राचा पाया घातला.

प्रकाश व मन यांविषयीचे आरंभीचे संशोधन थंड प्रदेशांतील दीर्घ हिवाळ्याशी निगडित होते. ऋतूनुसार येणाऱ्या औदासीन्याचे वर्णन नॉर्मन रोझेंथाल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. आपल्याकडे तो प्रश्न त्या स्वरूपात लागू होत नाही. कोल्हापुरात सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत केवळ दोन तासांचे अंतर आहे. येथे सूर्य कोणाला वंचित ठेवत नाही. कामाचे वेळापत्रक ठेवते. २०२३ मध्ये ब्रिटनमधील सुमारे ८७ हजार व्यक्तींच्या अभ्यासात रात्री अधिक प्रकाशात असणाऱ्यांत नैराश्य व चिंताविकारांचे प्रमाण अधिक, तर दिवसा अधिक प्रकाश मिळणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण कमी आढळले. अर्थात, नैराश्यामुळे झोप उडते आणि म्हणून रात्री दिवा जळतो, असा उलटा कार्यकारणभावही संभवतो. तरीही शरीर रोज साधारण तासाभराहून अधिक वेळ-बदल सोसू शकत नाही, हे ध्यानात घेतल्यास आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराचे घड्याळ कधीच का जुळत नाही, हे समजण्यास अडचण पडू नये.

इचलकरंजी ते शिवार

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. कोल्हापुरात शाहू मिलची स्थापना १९०६ मध्ये झाली. मुंबईचा कामगार दिव्याविरुद्ध व प्रमाणवेळेविरुद्ध झगडत होता त्याच दोन-तीन वर्षांतील या घटना आहेत. शाहू मिल बंद पडली. यंत्रमाग मात्र वाढत गेला आणि त्याच्याबरोबर बारा-बारा तासांची दिवसपाळी व रातपाळीही रुजली. मुंबईच्या गिरणी कामगाराने १९११ मध्ये कायद्याने मिळविलेली बारा तासांची कमाल मर्यादा येथे एकविसाव्या शतकात नित्याची पाळी होऊन बसली आहे. रातपाळी करून परतणारा कामगार पत्र्याच्या छपराखाली, भर उन्हात, मागांच्या खडखडाटात झोपण्याचा प्रयत्न करतो. त्याच्या चिडचिडेपणाला, व्यसनाला स्वभावदोष म्हणणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातही रातपाळी करून येणारे विद्यार्थी होते. शेवटच्या बाकावर मान टाकणाऱ्या अशा एका विद्यार्थ्याची अनास्थेबद्दल सर्वांदेखत कानउघाडणी केल्यानंतर काही दिवसांनी त्याच्या कामाची वेळ कळली. या लेखाचा विषय तेथून सुचला.

शेतीतही हेच घडले. कृषिपंपांना वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, देण्याच्या पद्धतीमुळे उसाला पाणी पाजण्यासाठी शेतकऱ्याला रात्री शिवारात जावे लागते. दिवसा दहा तास वीज मिळावी या मागणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर आंदोलन झाले. सर्पदंश, वन्यप्राणी, विजेचा धक्का यांचा उल्लेख अशा मागण्यांच्या वेळी होतो आणि तो रास्तच आहे. रात्र रात्र जागून सकाळी पुन्हा गोठ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होते, हा मुद्दा मात्र क्वचितच ऐकू येतो. शेतकरी आत्महत्यांच्या कारणमीमांसेत कर्ज, नापिकी व बाजारभाव यांची मोजदाद होते; त्या घरातील माणूस किती रात्री झोपलेला नव्हता, हे पंचनाम्याच्या नमुन्यात विचारले जात नाही. कृषी वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याची राज्य शासनाची योजना २०१७ पासून आहे आणि २०२३ मध्ये तिला गती देण्यात आली. तिचे मूल्यमापन मेगावॉटमध्ये होते.

झोप ही सार्वजनिक धोरणाची बाब होऊ शकते, हे शासनाने एका ठिकाणी मान्य केले आहे. मुलांची झोप पुरी होत नाही, असे मत तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये व्यक्त केले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश निघाला. कोल्हापूरची सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे आहे आणि जानेवारीच्या मध्यास येथे सात वाजून गेल्यावर सूर्योदय होतो. सकाळ सत्रातील महाविद्यालयीन विद्यार्थी त्या दिवसांत अंधारातच एस.टी. पकडतात, त्यांतील काही जण त्याच वेळी रातपाळीवरून सुटलेले असतात. चौथीच्या पुढच्यांसाठी असा आदेश अद्याप कोणी मागितलेला नाही. आपल्या महाविद्यालयांनी प्रवेश अर्जात विद्यार्थ्याच्या कामाची पाळी विचारणारा एक रकाना ठेवला, तरी या इतिहासाचे पुढील प्रकरण लिहिण्यास निदान साधने उपलब्ध होतील.