तीन गुणांनी हुकलेली दिवाळी

डोळे मिटू नका. डोळे मिटून भूतकाळात जायची सोय सिनेमात असते. तुम्ही निघालाय महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यातून, आणि इथं डोळे मिटले की चपला जातात.

तुम्ही गोसीखुर्दचे. वय बावीस. 2014 ची भाऊबीज नुकतीच झाली. वैनगंगेवरच्या त्या 33 दरवाजांच्या धरणापासून थोड्या अंतरावर तुमचं धान कापणीला आलंय, आणि ते बाबांच्या भरवशावर टाकून तुम्ही पुण्याला नोकरी बघायला चाललाय. पवनी, भंडारा, मग वरठीचं स्टेशन. बनियनला आईनं आतून खिसा शिवून दिलाय, त्यात हजाराची एक नोट. (हो, हजाराची. अजून दोन वर्षं चालणार आहे ती.) डाव्या तर्जनीच्या नखावर मतदानाची शाई आहे, ती घासूनही निघालेली नाही. मांडीवर चिवडा, करंज्या आणि अनारशांचा डबा. अकोल्यापर्यंत सगळा डबा तुपाच्या वासानं भरतो, भुसावळनंतर संडासाच्या वासानं, आणि दौंडला चहावाले येतात तेव्हा तुमच्या नाकाला कशाचंच काही वाटेनासं झालेलं असतं.

मामेभाऊ वाकडला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. खोली दोन, माणसं पाच. गाद्या भिंतीला उभ्या टेकवलेल्या, दोरीवर ओले टॉवेल, कोपऱ्यात कुणाचे तरी न धुतलेले मोजे. जार संपला की पाण्यावरून भांडण होतं आणि जार आला की मिटतं. तुम्ही दारात उभे, पाठीवर बॅग. भाऊ हात मिळवत नाही, सरळ डब्याचं झाकण काढतो.

‘सांबारवडी नाही आणली? मंग आला कायले बे?’

डबा संध्याकाळपर्यंत रिकामा. पण त्या बदल्यात भाऊ खिशातून तीन पास काढतो, कंपनीतून मिळालेले. ‘उद्या मॅच पाहू. फुटबॉल. हृतिक रोशनची पुण्याची टीम आहे.’ तुम्ही आयुष्यात टीव्हीवरसुद्धा पूर्ण फुटबॉल सामना बघितलेला नाही. पण ‘बँग बँग’ची पोस्टरं अजून भिंतींवर ताजी आहेत, आणि फुकट ते पौष्टिक.

दुसऱ्या दिवशी सहाला निघालात. मोटरसायकलवर तिघं, तुम्ही मधे. महामार्गावर ट्रकच्या सायलेन्सरचा गरम झोत थेट पोटरीवर येतो. दोन्ही बाजूंना अर्धवट उभे टॉवर, ओल्या सिमेंटचा वास, धूळ इतकी की दातांखाली करकरते. हिंजवडीतून सुटलेल्या कंपन्यांच्या बसेस एकमेकींना चिकटून उभ्या. ऑक्टोबर संपत आला तरी दमट उकाडा आहे. शर्ट पाठीला चिकटलाय आणि पुढच्या भावाचा शर्ट तुमच्या छातीला.

बालेवाडीच्या फाटकाबाहेर जत्रा. निखाऱ्यावर कणसं तडतडतायत, लिंबू-तिखट चोळलेली. वडापावच्या गाडीवर तेलाचा धूर. कढईत वाळूत भाजलेल्या शेंगा. एक पोरगा रंगाच्या डब्या घेऊन गाल रंगवून देतोय. आणि पिवळे शर्ट! जिकडे बघावं तिकडे पिवळे. पुण्यात सामना आणि निम्मी गर्दी केरळची कशी? पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, रुग्णालयांत, हॉटेलांत एवढी वर्षं काम करणारी मल्याळी घरं आज पोराबाळांसकट आली आहेत. त्यात केरळ ब्लास्टर्सचा एक मालक कोण, तर सचिन तेंडुलकर. म्हणजे मुंबईचा सचिन केरळकडून, आणि पुण्याच्या पाठीशी थेट इटलीतली फ्लोरेन्सची फिओरेंटिना. भाऊ हे सगळं समजावून सांगतो. तुम्ही मान डोलावता. तुम्हाला त्यातलं सचिन तेवढं कळलेलं असतं.

तपासणीला रखवालदार तुमच्या खिशात हात घालतो. पाण्याची बाटली गेली, नाणी गेली. मग पन्नीत बांधलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा निघतो. तो उजेडात धरून बघतो, हुंगतो. ‘हे काय आहे?’ आता पुण्याच्या माणसाला खर्रा कसा समजावणार? भंडाऱ्याहून जपत आणलेली ती पुडी ड्रममध्ये पडते आणि तुमच्या तोंडून जो शब्द जातो तो इथं छापता येणार नाही.

आत आलात की आधी उजेड अंगावर येतो. एवढा पांढरा उजेड तुम्ही धरणाचं काम रात्री चालायचं तेव्हाच बघितला होता. दिव्यांभोवती किड्यांचे ढग. खाली पाणी मारलेलं गवत, त्याचा थंड हिरवा वास वरपर्यंत येतो. हे संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, त्यामुळे तुमच्या आणि मैदानाच्या मधे धावपटूंचा अख्खा ट्रॅक आहे. खेळाडू लांब, लहान दिसतात. तरीही सगळे एकाच माणसाकडे बोट दाखवतायत.

डेव्हिड त्रेझेगे. नावाचा उच्चार तुमच्या रांगेत प्रत्येकाचा वेगळा, शेवटी सगळे ‘डेव्हिड’वर येऊन थांबतात. फ्रान्सचा, विश्वविजेत्या संघातला. युव्हेंटससाठी 171 गोल. याच माणसानं 2000 च्या युरो अंतिम सामन्यात जादा वेळेत एक चेंडू असा हाणला की इटलीच्या हातातला करंडक गेला. सहा वर्षांनी त्याच इटलीविरुद्ध, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, त्याची पेनल्टी वरच्या खांबाला लागून रेषेच्या अलीकडे पडली आणि करंडक परत इटलीकडे. आज तो 37 वर्षांचा आहे, आणि त्याचा प्रशिक्षक इटालियन: फ्रांको कोलोम्बा. गोलकीपर बेलार्दी इटालियन, बचावातला चिरिल्लो इटालियन, मधल्या फळीत प्रशिक्षकाचा मुलगा दाविदेसुद्धा आहे. (घरचा माणूस संघात घेण्यात इटली आणि आपण फार लांब नाही.) शिवाय कात्सुरानिस, 2004 चा युरो जिंकलेल्या ग्रीसचा. हुगळीचा प्रीतम कोटाल आणि गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज यांच्या शेजारी ही मंडळी उभी आहेत, एकाच रांगेत, बालेवाडीत. मैदानावर कोण काय बोलतंय ते इथवर ऐकू येत नाही, हातवारे तेवढे दिसतात, आणि हातवारे इटालियनच.

खरेदी जंगी झालीय यात वाद नाही. पण खरेदीत पाय किती आणि नाव किती, हे हंगाम सुरू झाल्यावरच कळायचं होतं. पहिला सामना दिल्लीत, समोर त्रेझेगेचा युव्हेंटसमधला जुना जोडीदार देल पिएरो; अख्खा देश दोघांचे गोल बघायला बसला आणि निकाल 0-0. मग मुंबईनं नवी मुंबईत 5-0 धुतलं. मग इथंच, याच गवतावर, गोव्याला 2-0 हरवलं आणि त्रेझेगेचा पहिला गोल झाला. त्यामुळे आज हवा आहे.

शिट्टी. पहिली दहा मिनिटं तुम्हाला काही समजत नाही. चेंडू इकडून तिकडे. शेंगांची टरफलं पायाखाली कुरकुरतात. त्रेझेगे धावतच नाही! इतर दहाजण घामाघूम आणि हा साहेब उभा, कंबरेवर हात. ‘पैसे घेऊन उभाच राहते का हा?’ तुम्ही विचारता. भाऊ म्हणतो, ‘थांब ना.’

आणि मग होतं ते इतक्या झटक्यात होतं की तुम्ही नेमके शेंग सोलत असता. माणूस होता तिथून दोन पावलं सरकलेला असतो, चेंडू जाळीत असतो, आणि हजारो गळ्यांतून एकच आवाज फुटतो, छातीच्या फासळ्यांत वाजतो. कुणीतरी अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारतो, त्याच्या घामाचा आणि अत्तराचा वास तुमच्या गालाला लागून राहतो. तुम्ही बाकावर चढून नाचता. मागून शांत, सानुनासिक आवाज येतो: ‘अहो, गोल झालाय, मान्य आहे. आता खाली बसा. मागच्यांना दिसत नाही.’

बसा. कारण यापुढचं बसूनच बघण्यासारखं आहे.

मध्यंतराच्या आधी केरळच्या सबितनं बरोबरी केली. आता पिवळी बाजू उठली. ढोल त्यांचे, ताल त्यांचा. भावानं हातातलं कणीस तसंच धरून ठेवलंय, खायचं विसरून. उत्तरार्धात पेन ओर्जीनं दुसरा गोल घातला आणि तुमच्या आजूबाजूचा आवाज एकदम बसला, फक्त फेरीवाल्याचं ‘पाणी, पाणी’ ऐकू यायला लागलं. शेवटची वीस मिनिटं म्हणजे छळ. कॉर्नर येतो, सगळे उठतात, चेंडू डोक्यावरून जातो, सगळे बसतात. पुन्हा उठतात. ‘अरेरे’ हा शब्द हजारो लोक एकदम म्हणतात तेव्हा तो वाऱ्यासारखा अंगावरून जातो. फुटबॉलचं हे तुम्हाला आजच कळतं: क्रिकेटमध्ये हुकलेल्या चेंडूनंतर दुसरा चेंडू असतोच, इथं हुकलं की दहा मिनिटं तेच हुकणं चघळत बसायचं. खर्रा असता तर बरं झालं असतं.

1-2. संपलं. बाहेर पडताना गर्दी इतकी की पाय जमिनीला लागत नाहीत. पार्किंगमध्ये पेट्रोलचा धूर, हॉर्न, कुणाचं तरी पोर खांद्यावर झोपलेलं. वाकडच्या टपरीवर चहा घेताना भाऊ हिशेब मांडतो: चौथं आलो तरी उपांत्य फेरी, अजून पुष्कळ सामने आहेत, होऊन जाईल बे.

झालं नाही. पुण्यानं पुढं कोलकात्यात जाऊन कोलकात्याला 3-1 हरवलं, तेव्हा वाटलं की जमतंय. पण 14 सामन्यांत 16 गुण, आठात सहावं स्थान. चौथ्या केरळचे 19. तीन गुण, म्हणजे एक विजय. त्या गुरुवारी तुमच्या डोळ्यांसमोर जे तीन गुण पिवळ्या शर्टात घालून नेले, तेवढेच. तुम्हाला तोवर चाकणला नोकरी लागली होती आणि गुणतक्ता तुम्ही कँटीनमधल्या पेपरात बघितला, उसळीचा डाग पडलेल्या पानावर.

जानेवारीत त्रेझेगेनं निवृत्ती जाहीर केली. म्हणजे तुम्ही शेंग सोलत असताना चुकवलात, तो एवढ्या मोठ्या कारकिर्दीतला त्याचा शेवटचा गोल. तुरिनमधल्या लोकांना हे सांगितलं तर रडतील.

पुढची वर्षं मी भरभर ढकलतो, घट्ट धरा. मुतू आला, एकेकाळचा फिओरेंटिनाचाच, सातवं स्थान. आइसलंडच्या गुडयॉनसेनला आणलं तर हंगामाआधीच जायबंदी. 2018 ला एकदाचे उपांत्य फेरीत गेलो. बालेवाडीत बेंगळुरूशी 0-0, आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन घातले. 2019 ला क्लबच बंद. लीगमधली जागा गेली हैदराबादला.

आता 2022 चा मार्च. भावाचा स्वतःचा फ्लॅट आहे रावेतला, हप्त्यांसकट. मोबाइलवर फातोर्ड्याचा अंतिम सामना लागलाय: हैदराबाद विरुद्ध केरळ, परत तेच केरळ. पेनल्ट्या चालू आहेत आणि हैदराबादचा गोंयकार गोलकीपर कट्टीमणी एकामागून एक अडवतोय. वहिनीनं सांबारवडी तळलीय, गरम, तीळ-खसखस भरून. हैदराबाद जिंकतं. भाऊ तोंडात अर्धी वडी ठेवून तुमच्याकडे वळतो.

‘आपलीच टीम ना बे ही?’