मेन रोडची ट्राम आणि माथेरानची गाडी

नाशिकमध्ये एके काळी ट्राम होती, असं सांगितलं की आजची मुलं हसतात. पण ती खरोखरच होती. 1889 च्या सुमारास सुरू झालेली ही ट्राम मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत जायची. मधला सगळा पट्टा रानाचा. सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे, असा थाट. रुळांमधलं अंतर अडीच फूट. तोटा सोसवेना म्हणून 1930 च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. रूळही गेले आणि आठवणही गेली.

या ट्रामचा सल्लागार होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला असतानाच त्याला लहान रुळांच्या स्वस्त गाड्यांचं वेड लागलं. पुढे बार्शी लाइट रेल्वे त्यानंच उभारली. (उतारवयात त्यानं वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं, हे आणखी एक नवल.) आणि माथेरानच्या गाडीचा सल्लागारही तोच. म्हणूनच 2023 च्या डिसेंबरात आम्ही पंचवीस नाशिककर एका दिवसाच्या सहलीला माथेरानला निघालो, तेव्हा मी सगळ्यांना म्हटलं, चला, आपल्या ट्रामची धाकटी बहीण बघून येऊ.

पंचवटी एक्सप्रेसनं कल्याण आणि तिथून लोकलनं नेरळ. सकाळी वर जाणाऱ्या गाड्या नाशिकहून निघणाऱ्याला सहसा चुकतातच. म्हणून टॅक्सीनं दस्तुरीपर्यंत जायचं, अमन लॉजहून शटल धरायची आणि दुपारी उतरताना पूर्ण घाट छोट्या गाडीनं करायचा, असं ठरवलं होतं.

माथेरानचा ‘शोध’ 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला, असं पुस्तकांतून वाचतो. डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या ठाकर, कातकरी, धनगरांना तो आधीपासून ठाऊक होता, हे सोडून देऊ! पुढे गव्हर्नर एलफिन्स्टन आले, बंगले उठले, खाली नेरळपर्यंत रेल्वे आली. पण नेरळहून वर जायचं तर तट्टू, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. पालखी म्हणजे माणसांचे खांदे.

मुंबईतले बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांना एकदा वर जायला वाहनच मिळालं नाही आणि त्या रागातून त्यांनी रेल्वे बांधायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. खरं-खोटं असो. पैसा आदमजींचा आणि उन्हातान्हात उभं राहून काम करून घेतलं ते मुलानं, अब्दुल हुसेन यांनी. 1904 मध्ये काम सुरू झालं, 1907 च्या मार्चमध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये.

इथे रूळ आणखी अरुंद, दोन फुटांचे, कारण वळणंच तशी आहेत. चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. सरळ चढणं शक्य नाही म्हणून गाडी डोंगराला वळसे घालत घालत वीस-एकवीस किलोमीटर जाते. बोगदा अख्ख्या वाटेवर एकच. चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची होती. त्यांची गंमत चाकांत होती. तीन आसांपैकी पुढचा आणि मागचा आस वळणावर थोडा तिरका होऊ शकायचा, त्यामुळे इंजिन रुळावरून न उतरता वळायचं. 1950 च्या दशकात डिझेल आलं आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ संपली. त्या चारांपैकी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

आमच्यात एक पंचाहत्तरीच्या आजी होत्या. लग्नानंतर लगेच त्या वाफेच्या गाडीनं इथे आल्या होत्या. “नवी साडी होती हो, कोळशानं तिला बारीक भोकं पडली,” हे त्यांनी दिवसभरात चारदा तरी सांगितलं.

माथेरान स्टेशनवर उतरलो आणि आजींचे गुडघे संपले. आत मोटारींना बंदी. समोर हातरिक्षा उभ्या होत्या, एक माणूस पुढून ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. आजी म्हणाल्या, “माणसांनी ओढलेल्या गाडीत मी बसायची नाही.” रिक्षावाले म्हणाले, “आजी, तुम्ही नाही बसलात तर आम्ही खायचं काय?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आजी बसल्या, पण चेहरा पाडून. आदमजींच्या गाडीनं डोंगर चढायला खांदे लागायचे थांबले. स्टेशनपासून पुढचा रस्ता मात्र शंभरावर वर्षं माणसांच्याच बळावर चालला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत सहा महिन्यांत थांबवायला आणि त्या माणसांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं, तेव्हा मला आजींचा तो चेहरा आठवला.

गाडी तरी सुखानं जगली, असंही नाही. जुलै 2005 च्या पावसात मार्ग उद्ध्वस्त झाला, तो 2007 मध्ये, शताब्दीच्या वेळी, पुन्हा सुरू झाला. 2016 मध्ये डबे घसरले, गाडी बंद. 2019 मध्ये पुन्हा रूळ वाहून गेले आणि नेरळहून पूर्ण प्रवास सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. तोट्याचं कारण दर वेळी पुढे करता आलं असतं. नाशिकच्या ट्रामला हेच कारण पुरलं होतं.

दुपारी आजींना खिडकीची जागा दिली. जुम्मापट्टीच्या आधी वॉटर पाइप नावाचं स्टेशन लागतं. इंजिन इथे पाणी प्यायचं, एवढं मी सांगितलं तोच आजी म्हणाल्या, “आणि आम्ही इथे खाली उतरून करवंदं तोडायचो.” मे महिन्यातलं लग्न असणार.

कल्याणला परतीची पंचवटी मिळाली. रात्री नाशिकरोडला उतरून रिक्षानं मेन रोडला आलो, म्हणजे ट्रामचीच वाट उलटी. जुन्या नगरपालिकेपाशी उतरताना बरोबरच्या एका मुलानं विचारलं, “ट्राम नेमकी कुठे थांबायची?” आम्ही तिघंचौघं रस्त्याकडे बघत बराच वेळ तिथे उभे होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)