सरकत्या पट्ट्यावरील विमान
विमान आणि सापेक्ष वेग यांविषयीचे भौतिकीतील एक प्रसिद्ध कोडे. विमान पुढे जाईल तितक्याच वेगाने धावपट्टीऐवजी बसवलेला पट्टा मागे सरकत असेल, तर उड्डाण होईल का? उत्तर निःसंशय ‘होईल’ असे आहे.

गोंधळ होतो तो मोटारीच्या सवयीमुळे. मोटारीचे इंजिन चाके फिरवते आणि चाके रस्त्याला मागे रेटतात. विमानाची चाके मात्र इंजिनाला जोडलेली नसतात, ती नुसती मोकळी फिरतात. विमानाला पुढे नेणारा रेटा पंखा किंवा जेट इंजिन हवा मागे फेकून मिळवते. त्यामुळे पट्टा चाकांची गती वाढवतो. विमानाला मागे खेचणारे घर्षण मात्र किरकोळच असते. सेसना १७२ हे छोटे विमान ताशी सुमारे १०० किमी. वेगाला जमीन सोडते. अशा पट्ट्यावर त्याची चाके ताशी २०० किमी.च्या गतीने फिरतील, इतकाच फरक. पंखांवरून वाहणारी हवा तीच, म्हणून उत्थापक बलही तेच. विमानवाहू जहाज उड्डाणासाठी समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड वळवते, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

२००८ मध्ये ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत हे करून दाखवले गेले. जमिनीवर अंथरलेले लांबलचक कापड ट्रकने उलट दिशेला ओढले आणि त्यावरून एक हलके विमान सहज उडाले.

पट्टा विमानाच्या नव्हे, तर चाकांच्या गतीशी जुळतो असे मानल्यास कोडेच बदलते: विमान पुढे सरकताच ती अट मोडते.