सेवा, कंत्राट आणि करार



आजचा विषय परिचारिकांच्या संघटनेचा आणि त्यांच्या कराराचा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावे, असे आत येतानाच एकाने आम्हाला विचारले. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात नऊ रात्री काढल्या. झोप नव्हती, म्हणून खाटा मोजत होतो. अडतीस खाटा, खाली गाद्यांवर आणखी सहाजण, आणि रात्रपाळीला एक सिस्टर. पाचव्या की सहाव्या रात्री ती सलाईन बदलायला आली तेव्हा आम्ही सहज विचारले, "सिस्टर, सुट्टी नाही का तुम्हाला?" ती म्हणाली, "काका, कागदावर मी आज नाहीच आहे."

आम्हाला वाटले थट्टा करते. थट्टा नव्हती. ती कंत्राटी होती. अकरा महिन्यांचा आदेश संपला होता, नवा निघायचा होता, आणि मधल्या दिवसाला सरकारी भाषेत 'तांत्रिक खंड' म्हणतात. सलग नोकरी झाली तर माणूस हक्क सांगतो, म्हणून मध्ये एक चीर पाडून ठेवायची. आम्ही पस्तीस वर्षे वर्गात बौद्धांचा क्षणभंगवाद शिकवला: कोणतीच वस्तू दुसऱ्या क्षणी तीच राहत नाही, सातत्य हा केवळ आभास. विद्यार्थ्यांना तो कधी पटला नाही. प्रशासनाला मात्र चांगलाच पटलेला दिसतो. फरक एवढाच की बौद्धांनी तो दुःखातून सुटण्यासाठी मांडला होता.

तर 'कागदावर नसलेली' ही बाई कागदावर यावी म्हणून काय काय झाले, त्याची ही गोष्ट आहे. ती परभणीत सुरू होत नाही, मुंबईत सुरू होते. पण शेवटी आपल्याकडेच येते.

आधी थोडी मागची आठवण. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० माणसांमागे एक परिचारिका आहे, असे त्यात नोंदवले होते. त्या हिशेबात परभणी धरलेलीच नव्हती, कारण आपण निजामाच्या राज्यात होतो. १९४८ नंतर हैदराबाद राज्य, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र, असे आपले पत्ते बदलत गेले, आणि बदलीवर येणाऱ्या नोकरदारांनी एक म्हण करून ठेवली: बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाहीतर आहेच परभणी! आपण ती हसत हसत सांगतो. पण आरोग्य खात्याच्या रिकाम्या जागा पाहिल्या की ती म्हण विनोद राहत नाही. ज्या गावाला शिक्षा समजतात त्या गावची खुर्ची आधी रिकामी होते आणि शेवटी भरते.

आता मुंबई. जे. जे. रुग्णालय समूहात वॉर्डात काम करणाऱ्या दोन स्त्रिया होत्या. परिचारिका नव्हेत, त्यांच्याही खालच्या पायरीवरच्या. दुसऱ्या खात्यातून कमी केलेल्या माणसांची सोय लावायची म्हणून या दोघींना काढले, आणि कायद्याने द्यायची भरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा या त्यांच्या युनियनने दावा लावला. सरकारचे म्हणणे असे की औद्योगिक विवाद कायदा उद्योगाला लागतो. रुग्णालय हा उद्योग नव्हे, ती सेवा आहे.

बघा, 'सेवा' हा शब्द इथे किती कामाला आला! आपल्याकडे इतका पवित्र शब्द दुसरा नसेल. आणि तोच दोन बायकांची भरपाई बुडवायला वापरला जात होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जानेवारी १९६० रोजी न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या पीठाने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा: नफा आहे की नाही, मालक सरकार आहे की शेठ आहे, हे पाहू नका. माणसे लावून, पद्धतशीरपणे, लोकांच्या गरजेचे काम चालते का, ते पाहा. तसे चालत असेल तर कायदा लागू. सरकार हरले.

आमच्या मते हा निकाल तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात लावायला हवा होता. सेवा हा करणाऱ्याचा भाव असतो. करवून घेणाऱ्याला तो भाव स्वतःच्या हिशेबात जमा धरता येत नाही. मी तुमची सेवा करते असे सिस्टरने म्हणावे, तो तिचा मोठेपणा. तू सेवा करतेस म्हणून तुला कमी देतो असे मालकाने म्हणावे, ही लबाडी.

पण निकाल टिकला का? १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात न्यायालयानेच तो फिरवला. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने, मुख्यतः न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रातून, तो पुन्हा उभा केला. १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती करून रुग्णालयांना उद्योगातून वगळले, पण ती दुरुस्ती कधी अमलातच आणली नाही. २०१७ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला. आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिने जुना कायदाच बाजूला सारला आणि धर्मादाय, सामाजिक सेवेच्या संस्थांना उद्योगाबाहेर ठेवले. म्हणजे दोन बायकांनी विचारलेला प्रश्न साठ वर्षांहून अधिक काळ या दारातून त्या दारात फिरतो आहे.

सेवा आणि संप यांचे जमत नाही, असे आपण धरून चालतो. त्यावर आम्हाला एक घटना सांगायची आहे, तुम्हा सर्वांना ठाऊक असलेली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. मागणी साधी होती: आम्हाला सुरक्षितपणे काम करू द्या. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला केईएममधून हलवायचे ठरवले तेव्हाही याच परिचारिका आडव्या झाल्या, आणि तिला हलवता आले नाही. १८ मे २०१५ ला ती गेली. बेचाळीस वर्षे! तिला ओळखणाऱ्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, तिच्यानंतर जन्मलेल्या मुली कामाला लागल्या, आणि तिची शुश्रूषा चालूच राहिली. २०११ मध्ये दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे.

संप करणारे हात आणि बेचाळीस वर्षे कूस बदलणारे हात एकाच पेशाचे होते. आम्ही हे कोणाला हिणवायला सांगत नाही. पण संप करणारीला रुग्णाची माया नसते, हे वाक्य पुन्हा कोणी बोलले तर त्याला केईएमचा तो वॉर्ड आठवून द्यावा.

खासगी रुग्णालयांची तऱ्हा वेगळी. तिथे करार असतो, पण कसला? मुलगी नोकरीला लागताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यायची, बाँड लिहून घ्यायचा, सोडायचे असेल तर अमुक पैसे भर. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईत अशाच पेचात सापडलेल्या एका केरळी परिचारिकेने जीव दिला. तिच्या सहकारी बाहेर पडल्या, त्यांची पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. आमची प्रमाणपत्रे परत द्या, एवढीच होती. त्याच सुमारास केरळात खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांची मोठी संघटना उभी राहिली.

आपला करार कायदा १८७२ चा. त्यात मुक्त संमतीची अट आहे. ज्याची प्रमाणपत्रे तुमच्या कपाटात आहेत त्याची संमती मुक्त कशी? सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रजनाथ गांगुली खटल्यात सांगून ठेवले आहे की एक बाजू बलवान आणि दुसरीला सही करण्यावाचून गत्यंतर नाही, अशा वेळी लिहून घेतलेली अन्यायाची कलमे रद्द ठरतात. पण निकाल ग्रंथालयात आणि मुलगी वॉर्डात. दोघांची भेट घालून द्यायला युनियन लागते.

परिचारिकांची राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेली. २९ जानेवारी २०१६ ला आदेश झाला (जे. जे. च्या निकालाची तारीख तीच, हा निव्वळ योगायोग) आणि केंद्राने समिती नेमली. समितीने म्हटले: २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्या, आणि ५० हून कमी खाटा असतील तरी २०,००० च्या खाली जाऊ नका. आपल्या जिल्ह्यातली छोटी खासगी रुग्णालये या शेवटच्या गटातली. तिथे काम करणारी एखादी मुलगी तुमच्या ओळखीत असेल, तिला पगार विचारा. आम्ही विचारला होता. आकडा सांगत नाही, तिची नोकरी जाईल. केरळने २०१८ मध्ये किमान वेतन अधिसूचित करून ही शिफारस पुष्कळशी कायद्यात आणली. केंद्राने तर सगळ्याच राज्यांना लिहिले होते.

आता सरकारी बाजू. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने संप केला. कारण काय? शासनाने परिचारिकांची भरती बाहेरच्या कंपनीमार्फत करायचे ठरवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींकडून सर्व प्रकारची कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला, आणि राज्यभर ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात रद्द करावा लागला. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी त्याच ऑक्टोबरात संप केला. १४ मार्च २०२४ ला शासन निर्णय निघाला की दहा वर्षे झालेल्यांचे नियमित पदांवर समायोजन करू. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच लोक पुन्हा संपावर. आता मागणी कोणती? तुम्ही काढलेला निर्णय अमलात आणा!

इथे एक गंमत आहे. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या रुग्णालयांतल्या ७,००० हून अधिक परिचारिका तीन दिवस संपावर होत्या. त्यांनी काय मिळवले? चांगला करार. एका परिचारिकेकडे किती रुग्ण, हे त्यात लिहून घेतले, आणि मोडले तर दंड. म्हणजे तिकडे परिचारिका करारासाठी लढतात आणि इकडे कंत्राटातून सुटण्यासाठी. इंग्रजीत दोन्हीला शब्द एकच. मराठीने बरे केले, दोन ठेवले. करार दोघांत होतो. कंत्राट दिले जाते, रस्त्याचे, पुलाचे, कँटीनचे. कंत्राटात सिस्टर ही पक्षकार नसते, ती मालाच्या यादीत असते.

आणि हा प्रश्न फक्त तिच्या पगाराचा आहे असे समजू नका. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे: साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोकांनी त्यासाठी आंदोलने केली, आम्हीही एका मोर्चात चाललो, गुडघे दुखत असताना. म्हणजे कागदावर आपण पाचाच्या प्रमाणातून तिनाच्या प्रमाणात आलो. इमारत, जागा, प्रवेश यांच्या बातम्या आपण वाचल्या. तिघांमागे एक सिस्टर आली का, हे विचारायला कोणी मोर्चा काढलेला आम्ही पाहिला नाही. ते विचारतात ते परिचारिकाच, आणि मग आपण म्हणतो संप करतात.

गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात. जनाबाईंचे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे कष्टाची गोष्ट पुरी होत नाही, आणि सिस्टरला उपदेश करणारेही जनाबाईंचाच दाखला देतात. त्यांनी नीट आठवावे. जनाबाई एकटीने दळत नव्हती. जात्याचा दुसरा खुंटा धरायला विठ्ठल येत होता. परंपरेने देवालाही दुसऱ्या पाळीला लावले. रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्या, ही मागणी याहून काय वेगळी आहे?

एक चिठ्ठी आली आहे. वाचून दाखवतो. "सर, तुम्ही वॉर्डात होतात तेव्हा संप झाला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही घाबरलो असतो. कदाचित चिडलोही असतो, आणि आज जे बोललो त्यातले अर्धे त्या दिवशी सुचले नसते. संप करताना अतिदक्षता विभाग, अपघात, बाळंतपण यांची सोय ठेवलीच पाहिजे, आधी नोटीस दिलीच पाहिजे. अमेरिकेत १९७४ पासून रुग्णालयाच्या संपाला दहा दिवसांची नोटीस कायद्यानेच लागते, ते आम्हाला योग्य वाटते.

पण आम्ही होतो त्या नऊ रात्रींत संप नव्हता. सगळे कामावर होते, म्हणजे ती एकटीच होती. सातव्या रात्री कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचे सलाईन संपून नळीत रक्त चढले. सिस्टर दुसऱ्या टोकाला एका मुलाच्या फिट आवरत होती. नळी बंद केली ती आमच्या मुलाने, तिने लांबून ओरडून सांगितल्याप्रमाणे. तो बँकेत कारकून आहे.