प्रवेशाची कसोटी आणि यशाचे भाकीत : मॅट्रिक परीक्षेच्या इतिहासाच्या अनुषंगाने

१८५४ च्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानातील नियोजित विद्यापीठांपुढे लंडन विद्यापीठाचा आदर्श ठेवण्यात आला. त्यास अनुसरून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे प्रारंभी अध्यापन करणारी नव्हती. परीक्षा घेणे व पदव्या देणे हेच त्यांचे मुख्य कार्य होते. अशा संस्थेचे प्रवेशद्वारही परीक्षेचेच असावे, हे स्वाभाविक होय. मुंबईची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. शंभराहून अधिक उमेदवारांपैकी जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. १८६२ साली या दोघांसह बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे पहिले चार पदवीधर बाहेर पडले.

जुन्या मॅट्रिकची कसोटी कडक होती म्हणूनच अशी माणसे निपजली, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. पण तो तर्कास धरून नाही. जे नापास झाले त्यांना कॉलेजात पाऊलच ठेवता आले नाही. तेव्हा ते तेथे कसे वागले-वाढले असते, हे ताडून पाहण्यास आधार उरत नाही. निवडलेल्यांच्या यशावरून निवडीची योग्यता सिद्ध होत नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. कार्ल पिअर्सन यांनी १९०३ साली गणिताने दाखविल्याप्रमाणे, निवडीमुळे समूहातील गुणांचा पल्ला आखडला की दोन मोजमापांतील सहसंबंधही दुबळा दिसू लागतो. म्हणून प्रवेशगुण व पदवीगुण यांचा मेळ अल्प आढळला, तर तेवढ्यावरून प्रवेशपरीक्षा निरर्थक ठरत नाही.

मोजपट्टीच्या स्थैर्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. गुणांकनात दैवाचा वाटा किती, याची संख्याशास्त्रीय चिकित्सा एजवर्थ यांनी १८८८ साली आरंभिली. पुढे १९३५ मध्ये हार्टॉग व ऱ्होड्स यांनी इंग्लंडमधील शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका वर्षाहून अधिक कालावधीनंतर पुन्हा तपासल्या, तेव्हा २१० निर्णयांपैकी ९२ बदलले. हार्टॉग हे कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे सभासद व ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. जी मोजपट्टी स्वतःशीच जुळत नाही, ती विद्यार्थ्याच्या चार वर्षांनंतरच्या यशाशी जुळावी, ही अपेक्षा मर्यादितच ठेवावी लागते.

तथापि हिंदुस्थानातील प्रश्नाचे मर्म भाषेत आहे. कलकत्त्याच्या प्रवेशपरीक्षेत इतिहास, भूगोल व गणित यांची उत्तरे देशी भाषांतून देण्याची मुभा प्रारंभी होती. १८६१-६२ च्या सुमारास ती काढून घेण्यात आली. मुंबईतही त्याच दशकात देशी भाषांना पदवीच्या अभ्यासक्रमातून बाजूस सारून अभिजात भाषांना स्थान देण्यात आले. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानडे यांनी दीर्घकाळ खटपट केली, आणि १९०१ च्या सुमारास एम. ए. च्या परीक्षेत तिचा समावेश झाला.

या घटनांचा भाकिताशी संबंध उघड आहे. मॅट्रिकला ज्याचे इंग्रजी चांगले, त्याला पुढेही यश मिळत असेल, तर त्यात नवल ते काय? प्रवेशाचे माध्यम इंग्रजी, व्याख्यानांचे इंग्रजी आणि अंतिम परीक्षेचेही इंग्रजीच. एकच गुण दोनदा मोजला, तर दोन्ही मापे जुळणारच. येथे भाकीत खरे ठरते, पण ते बुद्धीचे की इंग्रजी शाळा जवळ असण्याच्या योगाचे, हे त्यातून उलगडत नाही. इतिहासात वा गणितात गती असूनही केवळ भाषेमुळे मागे पडलेला उमेदवार या हिशेबात ‘अपात्र’ म्हणूनच नोंदला जातो, आणि हिशेब बिनचूक दिसतो.

मॅट्रिकच्या प्रयोजनातही पुढे गोंधळ माजला. विद्यापीठात प्रवेश मिळविण्यासाठी योजिलेली ही परीक्षा हळूहळू सरकारी नोकरीचा परवाना बनली. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने विद्यापीठाची सीमा मॅट्रिकवर न ठेवता इंटरमीजिएटवर न्यावी, अशी शिफारस केली, ती याच जाणिवेतून. मुंबई प्रांतात १९४९ पासून शालान्त परीक्षा वेगळ्या मंडळाकडे गेली. शाळेचा शेवट व विद्यापीठाचा आरंभ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याने व्यवहारात मान्य झाले.

२०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशासाठी घेतली जाणारी सामाईक परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते. प्रवेशाच्या दारातील भाषेचा अडसर त्यामुळे काहीसा सैल झाला. परंतु आत गेल्यावर अध्यापन व मूल्यमापन जर बहुतांशी इंग्रजीतूनच चालणार असेल, तर मराठीतून परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांचे पदवीगुण कमी भरतील, आणि तेवढ्यावरून प्रवेशपरीक्षेचे भाकीत चुकले असे म्हटले जाईल. तसे म्हणण्यापूर्वी यशाची व्याख्या कोणत्या भाषेत केली आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.