आधी ऐका : श्राव्य माहितीपटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

घंटा, कोंबड्या, मालगाडीचा ब्रेक अशा विषयांवर तासभर कोण कशाला ऐकेल? श्राव्य माहितीपटाकडे नव्याने वळणारा हा प्रश्न हमखास विचारतो. चक्रम विषयांची हौस असलेल्यांचा हा प्रांत, असा त्याचा समज असतो. माझ्या मते विषयाचा चक्रमपणा गौण आहे. इथे महत्त्वाचं काय, तर बोलणारा माणूस स्वतःच पुरावा असतो.

ही कल्पना रुजायला वेळ लागला, कारण यंत्रं अवजड होती. 1930च्या दशकात मँचेस्टरच्या बीबीसीत ऑलिव्ह शेपली कामगारांचे आवाज टिपायला निघाली, तेव्हा तिच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीची लांबी 27 फूट होती. एरवी सामान्य माणसाला स्टुडिओत बोलावून, त्याच्या हाती लिहिलेला कागद देऊन वाचायला लावत. त्यात त्याची बोली जायची, आणि बोलीबरोबर निम्मा माणूसही.

खरी कलाटणी टेपमुळे मिळाली. फेब्रुवारी 1957मध्ये इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा इंजिनचालक जॉन ॲक्सन ताबा सुटलेली मालगाडी थांबवण्याच्या धडपडीत मरण पावला. त्याच्यावरच्या कार्यक्रमासाठी बीबीसीचा निर्माता चार्ल्स पार्कर आणि लोकगायक इवन मॅककॉल यांनी रेल्वे कामगारांना बोलतं केलं. ते बोलणं नटांकडून वदवून घ्यायचं, असा मूळ बेत होता. टेप ऐकल्यावर मॅककॉलला पटलं, की ही भाषा कुठल्याच नटाला पेलणार नाही. 1958 साली ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ प्रसारित झाला तो कामगारांच्याच आवाजात, मधूनमधून गाणी गुंफून. निवेदक नाहीच!

मात्र खरा आवाज म्हणजे खरी गोष्ट, असं समजू नये. संकलकाची कात्री इथे बरंच काही ठरवते. पियानोवादक ग्लेन गूल्डने 1967मध्ये कॅनडाच्या सीबीसीसाठी ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ केला. त्यात पाच जण उत्तरेबद्दल बोलतात, पण कित्येकदा एकाच वेळी, सुरावटींसारखे एकमेकांवरून. काही श्रोते वैतागले. मला स्वतःला तो ऐकताना कान ताणावे लागतात, आणि गूल्डला बहुधा तेच हवं होतं. ती माणसं एकमेकांशी तशी कधी बोललीच नव्हती. मग हा दस्तऐवज की रचना? या क्षेत्रातला सगळ्यात जुना वाद तो हाच, आणि अजून मिटलेला नाही.

घंटांचं म्हणाल, तर जर्मन निर्माता पेटर लेओनहार्ड ब्राउन याने 1973मध्ये युरोपातल्या घंटांवर स्टिरिओ माहितीपट केला. युद्ध आलं की याच घंटा वितळवून तोफा ओतत, हे कळल्यावर तो नाद पहिल्यासारखा ऐकू येत नाही. रोमन मार्सचं ‘नाइंटी-नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’ हे पॉडकास्ट (2010पासून) रोजच्या दुर्लक्षित वस्तूंकडे असंच पाहतं, पण तिथे निवेदक हात धरून नेतो.

आकाशवाणीची रूपकं ऐकून वाढलेल्या मराठी श्रोत्याला हे सारं परकं वाटणार नाही. आपल्याकडे संहितेचा आणि कसलेल्या निवेदकाचा वरचष्मा राहिला, एवढाच काय तो फरक.

नव्या अभ्यासकाने सुरुवात ॲक्सनपासून करावी. पहिल्यांदा कागद-पेन बाजूला ठेवून सलग ऐका. टिपणं दुसऱ्या खेपेला.