जळगाव–मुंबई हवाई मार्ग

खानदेशातील जळगाव विमानतळास मुंबईशी जोडणारा अंतर्देशीय मार्ग. सरळ रेषेत लांबी सु. ३५५ किमी. लोहमार्गाने हेच अंतर सु. ४२० किमी. भरते. अंतरातील ही बचत बेताचीच. वेळेची मात्र मोठी आहे. आगगाडीला सहा ते आठ तास लागतात, तर विमान सु. एका तासात पोहोचते.

ब्रिटिश अमदानीत खानदेशाचे मुख्य ठाणे मुंबई–आग्रा रस्त्यावरील धुळे हे होते. तथापि थळ घाटातून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा गेला. धुळ्यास चाळीसगावहून शाखा मिळाली, तीही १९०० मध्ये. हवाई वाहतुकीतही जळगावच पुढे राहिले. तेथील धावपट्टी १९७३ मध्ये बांधण्यात आली. विस्तारित विमानतळाचे उद्‌घाटन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी २०१२ मध्ये केले. परंतु मुंबईचे नियमित विमान सुटण्यास उडान योजनेखाली डिसेंबर २०१७ उजाडावे लागले. मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्याची वेळ मिळणे दुर्घट असल्याने ही सेवा अनियमितच राहिली. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती हाती घेतली. तीही खंडित होऊन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

धुळ्याजवळील गोंदूरची धावपट्टी मुख्यतः वैमानिक-प्रशिक्षणासाठी वापरली जाते. त्यामुळे धुळ्याच्या प्रवाशास जळगावचे विमान गाठण्यासाठी मुंबईकडे पाठ करून सु. ९० किमी. पूर्वेस जावे लागते. तेवढ्या वेळात तो आग्रा रस्त्याने मालेगाव ओलांडून चांदवडच्या रोखाने निघालेला असतो.